सुई कोणी लावायची?

बिदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांत दुरुस्तीची कामे दोन प्रकारची मानतात. एक आपल्या हाताने होणारी आणि दुसरी ‘त्यातला माणूस’ बोलावून करायची. गळका नळ, ढिले बिजागर ही पहिल्या वर्गातली. रेकॉर्ड-प्लेयरची कार्ट्रिज बसवणे हे मात्र कायम दुसऱ्या वर्गातले. त्यातून ‘त्यातला माणूस’ राहणार सोलापूरला नाही तर हैदराबादला! त्यामुळे आमच्यासारख्या कितीतरी घरांतले प्लेयर वर्षानुवर्षे कापडाखाली झाकून राहिले. आता तबकड्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत, मुले माळ्यावरची खोकी खाली काढू लागली आहेत आणि तो जुना प्रश्नही खाली उतरला आहे.

मुळात हे काम आहे तरी काय? कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाला बसणारी अंगठ्याच्या पेराएवढी डबी. सुईची थरथर तिच्या पोटात विजेत बदलते. मूळ तबकडी कोरताना कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या प्लेयरचा आर्म मात्र एका टोकाला खिळलेला असल्यामुळे दारासारखा कमानीत फिरतो. म्हणून सुई सगळीकडे खाचेशी सरळ राहूच शकत नाही. आर्मचे डोके किंचित वळवून आणि सुई मधल्या खुंटीच्या थोडी पलीकडे नेऊन ही तिरपाई फक्त दोन ठिकाणी शून्य करता येते. एरिक लोफग्रेन या स्वीडिश प्राध्यापकाने १९३८ साली हे गणित मांडले आणि १९४१ साली बेअरवाल्डने ते पुन्हा मांडले. आज सर्रास वापरतात त्या मोजपट्टीवर हे दोन ठिपके मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर असतात.

म्हणजे हत्यार काय, तर एक छापील कागद! छायाप्रतीत माप लहान-मोठे होते, एवढे मात्र फूटपट्टीने तपासून घ्यावे. दोन स्क्रू ढिले करायचे, सुई ठिपक्यावर टेकवायची आणि डबीच्या कडा कागदावरच्या रेघांना समांतर आणायच्या. एका ठिपक्यावर जमले की दुसऱ्यावर बिघडते. पुन्हा सरकवा, पुन्हा पाहा. आमची आई धारवाडकडची, अशा वेळी ती एवढेच म्हणते, “स्वल्प तडी रे.” थोडा थांब! या कामात याहून मोठा सल्ला नाही. शेवटी वजन. पुष्कळशा चुंबकी कार्ट्रिजांना दीड ते दोन ग्रॅम लागते. हलकी सुई रेकॉर्डला जपते अशी समजूत आहे, पण फार हलकी सुई खाचेत उडते आणि खाच खरवडते. सूटकेससारख्या बंद होणाऱ्या जुन्या प्लेयरमध्ये बहुधा हे सरकवणे नसतेच. तिथे फक्त सुई बदलायची.

मग माणूस कशाला? एका दिवाळीच्या आधी आम्ही बाहेरगावाहून एक बोलावला होता. हात तयार होता. लाल, पांढरी, हिरवी, निळी अशा केसासारख्या चार तारा त्याने न थरथरता जोडल्या. मग आपल्याजवळची सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली, पहिले गाणे ऐकवले, पैसे घेतले आणि गाडी गाठली. आवाज खणखणीत होता.

संध्याकाळी आईने भीमसेन जोशींच्या दासपदांची तबकडी लावली. भीमसेन गदगचे. मराठी अभंग आणि कानडी दासपदे दोन्ही एकाच गळ्यातून आलेली, आणि आमच्या घरात ती एकाच सुईखाली वाजत आलेली. बाजू संपत आली तशी आई म्हणाली, “शब्द फुटायलेत. ‘स’ बघ कसा शिट्टी मारतोय.” मला ते तोवर कळले नव्हते, कारण शब्द कानडी होते आणि ते पाठ तिला होते. मग मी अण्णांची अभंगांची रेकॉर्ड लावली. तिच्याही शेवटच्या अभंगात तोच ‘स’, तीच शिट्टी.

कारण साधे आहे. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते आणि अगदी आत ती जेमतेम २१. तेवढाच स्वर निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. तिथे तिरपी सुई लगेच उघडी पडते. बाहेरच्या कडेचे पहिले गाणे तिला सांभाळून घेते. ख्यालाच्या रेकॉर्डवर द्रुत पुष्कळदा बाजूच्या शेवटी येते. म्हणजे तानांचा पाऊस पडायचा नेमका तिथेच! आणि चुकीची सुई नुसती वाईट वाजत नाही, ती खाच झिजवते. झिजलेला अक्षराचा काठ कोणी कारागीर परत आणून देत नाही. अण्णांनी घेतलेली ती तबकडी आज त्याच प्रतीची, त्याच काळजीने वाजवलेली कुठे मिळणार?

पुढच्या दोन संध्याकाळी कागद, भिंग आणि बारीक पेचकस घेऊन आम्ही दोघे बसलो. मी रेघा पाहायचो, आई शेवटचे पद ऐकायची. “हां, आता बरं,” असे ती म्हणाली तेव्हाच स्क्रू कसले.

त्यातल्या माणसाची गरज संपली, असे मला म्हणायचे नाही. तुटलेल्या तारेची जोडणी, आर्मचे खिळखिळे झालेले सांधे, मोटार ही कामे त्याचीच. डबीची मांडणी ज्याला चांगला डोळा आणि दोन संध्याकाळी आहेत, त्याने घरी करावी. ज्याला नाहीत त्याने खुशाल माणूस बोलवावा. पण पैसे देण्याआधी आपल्या घरातली रेकॉर्ड अगदी आतल्या कडेपर्यंत वाजवून घ्यावी आणि त्या रेकॉर्डचे शब्द ज्याला पाठ आहेत, त्याला शेजारी बसवावे. मराठी असोत की कानडी, अक्षर फुटले की नाही ते त्यालाच कळते.