पुन्हा पाठवलेली विनंती
वेब एपीआय म्हणजे दोन प्रोग्रॅममधला करार. विनंती करणारा क्लायंट, उत्तर देणारा सर्व्हर. दोघांनाही एकमेकांचा आतला कारभार दिसत नाही, म्हणून जे ठरले आहे ते नेमके पाळावे लागते.

रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचनाशैली मांडली. तिच्यात प्रत्येक वस्तू हा ‘रिसोर्स’ असतो आणि त्याला स्वतःचा पत्ता असतो. सर्व्हर आधीचे संभाषण लक्षात ठेवत नाही. लागणारी सगळी माहिती प्रत्येक विनंतीतच यावी लागते.

रिसोर्सवर काय करायचे ते एचटीटीपी या वेबच्या संवाद-नियमावलीतली मेथड सांगते. ‘गेट’ नुसते वाचते. ‘पुट’ दिलेल्या पत्त्यावरची माहिती बदलते, ‘डिलीट’ ती काढून टाकते. या तिन्ही विनंत्या कितीदाही पाठवल्या तरी सर्व्हरवरचा अपेक्षित परिणाम एकदा पाठवल्यासारखाच राहतो. या गुणाला ‘इडेम्पोटन्सी’ म्हणतात. ‘पोस्ट’ची तशी हमी नसते.

डिझाइनचा कस इथेच लागतो. पैसे भरण्याची ‘पोस्ट’ विनंती गेली आणि उत्तर येण्याआधी संपर्क तुटला, तर विनंती पोहोचलीच नाही की काम होऊन उत्तर वाटेत हरवले, हे क्लायंटला कळत नाही. पुन्हा पाठवावी तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती. न पाठवावी तर व्यवहार अधांतरी. यावर उपाय म्हणजे ‘इडेम्पोटन्सी की’. क्लायंट प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र की देतो आणि पुन्हा पाठवताना तीच वापरतो. सर्व्हर की आणि निकाल सोबत नोंदवतो. ओळखीची की आली की काम पुन्हा न करता जुनाच निकाल परत देतो. कीची आणि पैशांची नोंद डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवी, नाहीतर मधेच सर्व्हर बंद पडल्यास हमी मोडते. तीच की वेगळ्या रकमेसह आली, तर विनंती नाकारणेच योग्य.

पुन्हा प्रयत्न करावा की नाही, हे उत्तरासोबत येणाऱ्या स्टेटस कोडवरून ठरते. ४०० म्हणजे विनंतीच सदोष. ती तशीच पुन्हा धाडण्यात अर्थ नाही. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या, ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद. या दोन्ही वेळी थांबून पुन्हा पाठवावे. प्रत्येक प्रयत्नागणिक थांबण्याचा काळ वाढवला, तर आधीच दमलेल्या सर्व्हरवर भार कमी पडतो. चुकीच्या उत्तरावर २०० हा यशाचा कोड लावणारा सर्व्हर क्लायंटची फसवणूक करतो.

करार बदलतानाही क्लायंटला न फसवण्याची हीच जबाबदारी असते. नवे फील्ड जोडल्याने सहसा कोणाचे अडत नाही. जुने काढले किंवा त्याचा अर्थ बदलला, तर चालू प्रोग्रॅम मोडतात. असा बदल अटळ असेल तर नवी आवृत्ती काढावी आणि जुनी बंद होण्याची तारीख पुरेशी आधी जाहीर करावी.