चैत्रातला बर्फ कोठे शोधावा?

मार्चअखेरीस वह्या बंद होतात, कापूस-तुरीची धावपळ ओसरते आणि नांदगाव खंडेश्वरच्या व्यापारी घरांना प्रवासाचे वेध लागतात. चिखलदरा आणि मुक्तागिरी ही आपली नेहमीची ठिकाणे. परंतु आता तरुण मंडळी स्कीइंगचा आग्रह धरतात. अडचण अशी की, आपली सवड आणि बर्फाचा हंगाम यांचा मेळ बसत नाही.

औलीचे उतार साधारण 2,500 ते 3,000 मीटर उंचीवर आहेत. तेथील खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. मार्च सरताना बर्फाचा भरवसा उरत नाही. पायथ्याच्या जोशीमठात जानेवारी 2023 मध्ये जमीन खचून घरांना तडे गेले, हेही विसरू नये.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर असले, तरी गंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत पर्वतावर 3,900 मीटरच्या पुढे नेतो. तेथे एप्रिलमध्येही बर्फ टिकतो. मात्र ते उतार कसलेल्यांचे आहेत, नवशिक्यांचे नव्हेत. हंगामही आता बेभरवशाचा झाला आहे. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. काश्मीरचा बेत आखताना सुरक्षाविषयक सूचनाही पाहाव्यात.

वसंतातला बर्फ रात्री गोठतो, पहाटे काचेसारखा कठीण असतो, ऊन चढताच वरचा थर मऊ होतो आणि दुपारनंतर त्याचा चिखल होतो. म्हणून सकाळचे मधले दोन-तीन तासच उपयोगाचे. उत्तराभिमुख उतारांवर बर्फ अधिक टिकतो. दुपारी तीव्र उतारांखाली थांबू नये, कारण हिमस्खलनाचा धोका वाढतो.

तात्पर्य, शिकायचे असेल तर दुकानाची जबाबदारी वाटून घेऊन फेब्रुवारीत आठवडा काढावा. एप्रिलच हाती असेल तर स्कीइंगचा हट्ट सोडून अटल बोगद्यापलीकडे लाहौलात हिमदर्शन घ्यावे. आरक्षण मात्र रद्द करता येईल असेच करावे; चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची सोय आधी विचारावी.

घरातील वडीलधारे म्हणतील, “हिम म्हणजे अप्काय जीव, त्यावर घसरण्यात कसली मौज?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ऋषभदेवांची निर्वाणभूमी अष्टापद परंपरेने हिमालयातच मानली जाते. त्या पर्वतापाशी जाताना कोणी घसरणे टाळून केवळ दर्शनावर समाधान मानले, तर त्याचा प्रवास उणा ठरत नाही. निर्णय ज्याच्या त्याच्या व्रताचा; पण तो तिकीट काढण्यापूर्वी, सर्वांनी एकत्र बसून घ्यावा.