हातावरचा ताल

मी म्युझिक थेरपिस्ट आहे असं कळलं की लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न येतो. "बीपीला कुठला राग चांगला हो?" काहींच्या फोनमध्ये तर तक्ताच असतो. मधुमेहाला हा राग, निद्रानाशाला तो, अर्धशिशीला तिसराच. पूर्वी मी वाद घालायचे. आता म्हणते, "गोळी चालू आहे ना? ती सोडू नका, आणि आवडेल ते ऐका." समोरच्याचा चेहरा पडतो. विशारद झालेली, परदेशात शिकून आलेली बाई आणि हिला साधा एक राग सांगता येऊ नये!

अमुक रागाने तमुक आजार बरा होतो, हे मला पटेल असा पुरावा मी अजून पाहिलेला नाही. शिवाय रोजच्या कामात रागदारी मला फारशी लागतच नाही. लागतं ते प्रारंभिकच्या वर्गात शिकलेलं. तेव्हा माझे पाय बाकावरून जमिनीला टेकत नव्हते.

माझं लहानपण मिरजेचं. दवाखाने आणि तंतुवाद्यं ही गावाची दोन भूषणं. इथलं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. सतारमेकरांच्या गल्लीत आजही भोपळे वाळत घातलेले दिसतात. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले आणि ते याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते गेल्यावर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापलं, आणि त्या मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुली देत आल्या. मीही त्यांतलीच. घरात कुणी गाणारं नव्हतं. शाळेनंतर मुलगी रिकामी नको म्हणून आईने गाण्याला घातलं, एवढंच त्यामागचं कारण.

आमच्या बाईंनी पहिलं सबंध वर्ष गाणं असं शिकवलंच नाही. जाजमावर मांडी घालून बसायचं आणि त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर धरायच्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. हात चालू असताना तोंडाने ठेका म्हणायचा, आधी बरोबरीत, मग दुगुनमध्ये. परीक्षेत हे सगळीकडेच विचारतात. बाईंचा खाक्या त्याच्या पुढचा होता. आमची टाळी चालू असताना त्या स्वयंपाकघरात आमटीला फोडणी द्यायला जायच्या आणि तिथूनच विचारायच्या, "आज डब्यात काय होतं गं?" उत्तर द्यायचं, तेही पूर्ण वाक्यात, आणि हात थांबू द्यायचा नाही. थांबला तर आतून आवाज यायचा, "पुन्हा समेपासून." दार उघडं आणि कान शाबूत, त्यामुळे फसवायची सोय नव्हती.

पेटीवरही असाच जाच होता. माझी पट्टी काळी चार, पण पलटे काळी एकपासून पांढरी सातपर्यंत कुठूनही सा धरून वाजवावे लागत. पहाटे खर्ज लावायचा. खालच्या पट्टीत, हळू आवाजात, श्वास पुरेपर्यंत. मला तो भयंकर कंटाळवाणा वाटायचा.

संगीताचं शिक्षण लहानपणी सुरू केलेल्यांच्या मेंदूबद्दल बरंच लिहिलं जातं. सात वर्षांच्या आत वाद्य हाती घेतलेल्या वादकांमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा मोठा आढळला, असं गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं. क्लासवाले हे जाहिरातीत छापतात. पट्टा रियाजाने मोठा झाला की मुळातच तसा मेंदू असलेली मुलं टिकून राहिली, हे तेवढ्यावरून ठरत नाही. माझ्या मेंदूत काय झालं ते मी पाहायला गेलेले नाही. कामात काय फरक पडला ते मात्र मला नीट ठाऊक आहे, आणि ते कळलं एका गिटारमुळे.

पुण्यात मानसशास्त्राची पदवी घेऊन मी अमेरिकेत म्युझिक थेरपी शिकायला गेले. तिथे या विषयाचा पहिला अभ्यासक्रम १९४४ मध्ये मिशिगनला सुरू झाला. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसण्याआधी किमान १२०० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि गळा, पियानो, गिटार या तिन्हींत पारंगत असावं लागतं. गिटार मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे हातात घेतली, पंचविशी जवळ आल्यावर. वृद्धाश्रमात आजीबाईंच्या समोर बसून कॉर्ड बदलायचे, तर माझी नजर सारखी गिटारच्या पट्ट्यांवर. आमच्या पर्यवेक्षक बाईंनी एकदा मागून येऊन विचारलं, "त्यांनी आत्ता पाय हलवायचा का थांबवला?" मला पाय हलत होता हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गिटार बाजूला ठेवली, मांडीवर ठेका धरला आणि गळ्याने गायले, तेव्हा सगळं दिसलं. त्यांचा पाय, ओठांची हालचाल, शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी मान फिरवलेली, खोलीबाहेर नर्स थबकलेली.

लय सांभाळायला मला लक्ष द्यावं लागत नाही. ते सगळं लक्ष रुग्णासाठी मोकळं राहतं. माझ्या पेशातली निम्मी कमाई ही, आणि ती बाईंच्या फोडणीच्या वासात झालेली आहे.

आता पुण्यातलं काम. एका पुनर्वसन केंद्रात स्पीच थेरपिस्टबरोबर मी पक्षाघाताचे रुग्ण पाहते. हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक काका आमच्याकडे आले. डाव्या मेंदूला झटका, उजवा हात लुळा, समजतं सगळं, बोलायला गेलं की शब्द फुटत नाही. मुलाने फोनवर व्हिडिओ दाखवला. गणपतीपुढे काका अख्खी आरती स्पष्ट म्हणत होते. "बघा मॅडम, बोलता येतं त्यांना. मनावर घेत नाहीत." काका खाली मान घालून बसले होते. हा गैरसमज घरोघरी असतो. वाचा गेलेला माणूस प्रार्थना गाऊ शकतो, याची नोंद स्वीडनमध्ये १७४५ सालीच झालेली आहे. पाठ असलेली आरती म्हणताना शब्द शोधावे लागत नाहीत, पाणी मागताना लागतात. हे मी मुलाला सांगितलं, काकांना ऐकू जाईल अशा बेताने.

बॉस्टनमध्ये १९७३ साली अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी अशा रुग्णांसाठी एक पद्धत मांडली. छोटं वाक्य दोनच स्वरांत गायचं आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर थाप द्यायची. आपल्या भाषेत हे दोन स्वर म्हणजे साधारण सा आणि कोमल ग. आधी मी नुसतं गुणगुणते, मग आम्ही दोघं एकत्र म्हणतो, मग मधेच मी आवाज काढून घेते, मग ते एकटे. शेवटी मी विचारते, "काय हवं?" आणि त्यांनी उत्तर द्यायचं. इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर असतो ते वरच्या स्वरावर घेतात. मराठीत तसा ठसठशीत जोर नसतो, म्हणून मी लघु-गुरू पाहून बेतते. "चहा हवा" यात लघु-गुरू-लघु-गुरू. आखूड अक्षर सा वर, लांब अक्षर कोमल ग वर. शाळेत वृत्तं शिकवणाऱ्या सरांना हे ऐकून बरं वाटेल.

यात सा कुठला, हे रुग्णाच्या बोलण्याच्या आवाजावरून ठरतं आणि तो रोज तसाच राहतो असं नाही. सकाळी घसा बसलेला असला की तो खाली उतरतो. तिथे काळी चारचा हट्ट चालत नाही. कुठूनही सा धरायची ती पेटीवरची शिक्षा आणि पहाटेचा खर्ज इथे उपयोगी पडतो. काका जिथे हुंकारतील तिथे मी एका श्वासात पोचते.

चालीने गुण येतो की ठेक्याने, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मी दोन्ही देते. काकांना बऱ्याच महिन्यांनी "चहा हवा" चालीशिवाय म्हणता आलं. पुढे "पेपर हवा", "पंखा हवा". "नको" हा शब्द मात्र आम्ही शिकवलाच नव्हता. तो त्यांनी आपला आपण मिळवला, आणि सगळ्यात खणखणीत तोच म्हणतात.

पार्किन्सनच्या कामाची तऱ्हा वेगळी. इथे गळा मागे आणि ठेका पुढे. या आजारात मेंदूचं आतलं घड्याळ बिघडतं. बाहेरून नियमित ठोका मिळाला तर पाऊल त्याला धरून पडतं. कोलोरॅडोतल्या मायकेल थॉट यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. आधी रुग्ण मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजायचं, नेमका तेवढ्याच गतीचा ठेका द्यायचा, आणि तो अंगात मुरला की पाच ते दहा टक्के चढवायचा. रुग्णाच्या कमरेला पट्टा आणि पट्टा धरून फिजिओथेरपिस्ट, याशिवाय मी सुरुवातच करत नाही. गोळीचा अंमल असतानाचीच वेळ घ्यायची.

आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका येतात, सातारा जिल्ह्यातले. दारापाशी आले की पाय जमिनीला खिळतात. उंबरठ्याशी असं थिजणं या आजारात नेहमीचं. मी मेट्रोनोमची टकटक लावून पाहिली. काका म्हणाले, "ताई, हे घड्याळ बंद करा, डोकं उठतं." मग कळलं की ते बरीच वर्षं दिंडीत चाललेले आहेत. मी भजनी ठेका धरला, आठ मात्रांचा. दोन पायांना आठ मात्रा बरोबर बसतात, सम नेहमी एकाच पायावर येते. सात मात्रांचा रूपक घेतला तर सम एकदा उजव्यावर, एकदा डाव्यावर, आणि माणूस गोंधळून पडायचा. भजनी ठेक्यावर काकांचा पाय उचलला, उंबरठा ओलांडला, आणि पट्टा धरलेल्या मुलीला म्हणाले, "सोड आता." तिने अर्थातच सोडला नाही.

घरी सरावासाठी मी काकूंना टाळ वाजवायला सांगितलं. काकू उत्तम वाजवतात, तिथेच घोटाळा. भजनात लय चढत जाते, ती चढायलाच हवी, त्यातच रंग असतो. पण पार्किन्सनच्या माणसाची लय चढली की पावलं आखूड होत जातात, शरीर पुढे झुकतं आणि तो तोंडावर पडतो. काकूंना लय चढू न देता वाजवायला शिकवणं हे काकांना चालवण्यापेक्षा अवघड गेलं. "अहो, मजा नाही येत असं," त्या नवऱ्याला म्हणायच्या. काका म्हणायचे, "मला येतीय."

लहान मुलांच्या बाबतीत मला लहानपणचं काही मोडावंही लागलं. बाईंकडे बेसूर स्वर म्हणजे तिथल्या तिथे टोकणं. तो कान इतका तयार झालेला की सूर हलला की माझी भुवई आपोआप वर जायची. स्वमग्न मुलासमोर ती भुवई वर जाऊन चालत नाही. एक मुलगा येतो, बोलत नाही, पण एक लांब स्वर धरतो. तो पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही, दोन स्वरांच्या मधे कुठेतरी असतो. मी तानपुऱ्याचं ॲप त्याच्या स्वराला लावते. त्याचा स्वर हाच आमचा सा. पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे शिक्षक १९५९ पासून इंग्लंडमध्ये अशा मुलांबरोबर काम करू लागले, तेव्हा त्यांनीही मुलाच्या आवाजाला, त्याच्या ढोल बडवण्याला गाणं मानूनच साथ दिली. साथसंगत काय असते हे ज्याने कीर्तनात पेटी वाजवली आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. बुवा कुठे थांबतील याचा नेम नसतो.

या मुलाला तिहाई आवडते. तोच तुकडा तीनदा घ्यायचा आणि शेवटचा घाव समेवर. मी तिसऱ्या वेळी तो शेवटचा घाव टाकत नाही. हात वर धरून थांबते. पहिल्यांदा तो नुसता बघत राहायचा. मग एका दिवशी माझ्या डग्ग्यावर त्याने आपली थाप मारली आणि थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. आता तिहाई सुरू झाली की तोच माझा हात धरून ठेवतो, मी मधे घुसू नये म्हणून.

हल्ली आईवडिलांचे फोन येतात. "मुलगी मध्यमा पूर्ण आहे. तिला म्युझिक थेरपीत घालायचंय. विशारद करून घेऊ का?" मी म्हणते, जरूर करा, पण त्याआधी तिला वर्षभर कुणाच्या तरी साथीला बसवा, थोडा तबला शिकवा, मानसशास्त्र घेऊ द्या. लगेच पुढचा प्रश्न मिळकतीचा. आकडा सांगितला की बरेच फोन तिथेच आटोपतात. जे आटोपत नाहीत त्या मुलींना मी गुरुवारी केंद्रावर बोलावते. गुरुवारी एसटीवाले काका येतात आणि जिन्यावर पट्टा धरायला एक माणूस जास्तीचं लागतं.