दाखल्याची झेरॉक्स

दहावीचा निकाल लागला की चाकणच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानांतली गर्दी बदलते. एरवी तिथे सातबारे आणि भाडेकरार येतात. आता शाळा सोडल्याचे दाखले येऊ लागतात. "काका, बायोडाटा टाईप करून द्या ना." नाव, पत्ता, टक्के इथवर काकांची बोटं झरझर चालतात. अनुभवाच्या रकान्यापाशी ती थांबतात आणि पोरगा शेजारच्या मित्राकडे बघतो. कांद्याच्या हंगामात बाजार समितीत बापाच्या बरोबरीने गोण्या उतरवणारा हा मुलगा. पण ते काम अर्जात लिहायचं असतं, हे त्याच्या मनातही येत नाही.

या पट्ट्यात अर्ज घरोघरी लिहिले गेले आहेत. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे भोसरी-आकुर्डीच्या शिवारांवर शेडी चढल्या. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 चा, फोक्सवॅगनचा 2009 चा. आजोबा, बाप, नातू असे तिघेही कुठल्या ना कुठल्या गेटवर फाईल घेऊन उभे राहिले, अशी घरं इथे शोधावी लागत नाहीत. "कंपनीत लागला" एवढं कळलं की सोयरीक जुळवणाऱ्यांचे पुढचे निम्मे प्रश्न अजूनही गळून पडतात.

पण सोळाव्या वर्षी झेरॉक्सवाल्या काकांच्या टेबलावर दोन वेगळे अर्ज येऊ शकतात आणि दिसायला ते सारखेच असतात. तेच दोन फोटो, तेच आधारकार्ड, तीच पासबुकाची झेरॉक्स. एक ठेकेदाराच्या ऑफिसात जातो, हेल्पर म्हणून. तिथला पहिला प्रश्न, "अठरा पूर्ण आहेत ना?" त्या प्रश्नापायी कुणी कुणी दाखल्यावरच्या जन्मवर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या शाईने झाकून आणतो आणि त्याची झेरॉक्स मागतो. माझ्या ओळखीचे एक दुकानदार असा कागद उलटा ठेवतात, पोराला बसवतात, पाणी देतात. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणतात. मला त्या माणसाचा फार आदर वाटतो. प्रेस मशिनला वय कळत नाही. हात मागे घ्यायला क्षणभर उशीर झाला की बोटं जातात. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायचं नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवायचं नाही, हे कायद्याने सांगितलं ते उगाच नाही.

दुसरा अर्ज शिकण्याचा. महापालिकेच्या मोरवाडीच्या आयटीआयमध्ये किंवा औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटरला दोन वर्षं, वेल्डरला एक. मग 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिस. पगार नाही, विद्यावेतन; घरात हप्ते थकलेले असताना तो आकडा टोचतो, हे मी जाणतो. शिकाऊपण संपल्यावर कंपनीने कायम करावंच असंही बंधन नाही. तरीही मी याच अर्जाच्या बाजूचा आहे. व्हर्नियर वाचता येणारा, ड्रॉइंगवरून जॉब ओळखणारा मुलगा एका गेटवर नाकारला गेला तरी पुढच्या गेटवर काहीतरी घेऊन जातो. सहा-सहा महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या हेल्परच्या हाती उरतो तो जुना गेटपास.

उमेदवार अठराच्या आतला असेल तर त्या शिकाऊ करारावर पालकाची सही लागते. मला हे कलम आवडतं. त्यामुळे रजा टाकून एखादा बाप येतो, धुणीभांडी आटपून एखादी आई येते आणि त्यांना विचारायचा हक्क मिळतो. अशाच एका मावशींनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही. "साहेब, किती देणार ते पोरानं सांगितलंय," त्या म्हणाल्या, "शिकवणार काय, ते तुम्ही सांगा." साहेबांनी खुर्ची ओढून दिली आणि पहिल्या महिन्यापासून सांगायला सुरुवात केली.