दुनळीचे मोल

मूल्यमापन हा शब्द आम्ही गेली अठ्ठावीस वर्षे वर्गात उच्चारत आलो आहोत. कवितेचे मूल्यमापन, कादंबरीचे मूल्यमापन, इतकेच काय, समीक्षेच्याही मूल्यमापनाची एक प्रश्नपत्रिका आम्ही काढलेली आहे. परंतु ज्या वस्तूचे मोल खरोखर रुपयांत ठरवायचे आहे अशी वस्तू आमच्यापुढे गेल्या दिवाळीपर्यंत कधी आली नव्हती. ती आली तेव्हा ती बारा बोअरची एक जुनी दुनळी बंदूक होती.

बंदूक आमच्या थोरल्या काकांची. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वय पंच्याऐंशी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही नजर अंधूकच. शेत कनेरगाव नाक्याच्या शिवारात, सोयाबीन आणि तूर. परवान्यावर प्रयोजन ‘पीकसंरक्षण’ असे लिहिलेले. पण रानडुकरांचा कळप शेतात उतरला तरी तात्यांना आता तो दिसणार नाही. नातवंडांपैकी कुणाला परवाना नको होता. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच वारसाचे नाव सुचवता येते, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले. तात्या म्हणाले, “घेणारा नसला तर वारस कशाचा? विकून टाकू. नातीची फी भरायची आहे.”

विकायची म्हणजे घरातली एक गोष्टच विकायची होती. ती गोष्ट अशी. कनेरगावच्या नावातला नाका हा सरहद्दीचा: अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. १९४८च्या उन्हाळ्यात रझाकारांची एक टोळी रात्री वस्तीवर आली आणि आमच्या आजोबांनी, आबांनी, दारात उभे राहून याच दुनळीचे दोन बार काढले. टोळी परत फिरली. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाचे झेंडावंदन आटोपले की ही गोष्ट घरात सांगितली जाई. आम्ही ती ऐकत वाढलो, आणि पुढे मराठवाड्याच्या मौखिक परंपरेवरील एका निबंधात तिचा ‘कौटुंबिक स्मृती’ म्हणून दाखलाही दिला.

परवानाधारकाशिवाय बंदूक हलवता येत नाही, म्हणून तात्यांना मोटारीत बसवून आम्ही शेजारच्या जिल्ह्यातील एका परवानाधारक विक्रेत्याकडे गेलो. दुकानदार मध्यमवयीन, मितभाषी. त्याने बंदूक हातात घेतली आणि पुढची वीस मिनिटे आम्ही एका उत्तम समीक्षकाचे काम पाहत बसलो.

प्रथम त्याने परवान्यावरील क्रमांक बंदुकीवरील क्रमांकाशी ताडून पाहिला. मग नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या आणि डोळा लावला. आत गंजाचे खड्डे पडले असतील तर आरशासारख्या पृष्ठभागावर काळे ठिपके दिसतात. बाहेरून पोचा असेल तर आतल्या प्रकाशाचे वलय तिथे मोडते. नंतर नळ्या एका बोटावर अधांतरी टांगून त्याने लाकडी मुठीने हलकेच टिचकी दिली. घंटेसारखा नाद लांबत गेला. दोन नळ्यांमधल्या पट्टीचे डाख सुटले असेल तर हाच आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो, असे त्याने सांगितले. पुन्हा जोडणी केल्यावर नळी आणि तिच्या मागची भिंत यांच्यातून उजेडाची रेघ दिसते का, तेही पाहिले. वरची कळ मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे थांबत होती. फार वापरलेल्या बंदुकीत ती डावीकडे सरकते. शेवटी नळीचा व्यास मोजला. एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्या तर त्यांतल्या एकीचा जो व्यास, तो बारा बोअर, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. घासून घासून नळी फार रुंदावली असेल तर बंदूक धोक्याची, मग तिची कथा काहीही असो.

दस्त्याच्या मनगटाशी एक बारीक चीर होती आणि तिथे कुणीतरी पितळी पट्टी ठोकली होती. दुकानदाराने नाक मुरडले. नळ्यांना पुन्हा काळा रंग दिलेला नाही याचे मात्र त्याला समाधान वाटले. डागडुजी मूळ संहितेचे मोल कमी करते हे तत्त्व आम्हांला ओळखीचे होते.

मग त्याने भिंग घेऊन नळ्यांच्या पोटाशी असलेले शिक्के वाचायला घेतले. “बर्मिंगहॅम,” तो म्हणाला, आणि त्याचा स्वर प्रथमच उजळला. परदेशी बंदुकांची खाजगी आयात १९८०च्या दशकातच बंद झाल्यामुळे अशा इंग्रजी मालाला आपल्याकडे अजून मान आहे. नाहीतर एरवी दुनळीला गिऱ्हाईक थोडे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा शौक संपवला, आणि सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्याला एका दमात चार-पाच काडतुसे भरता येणारी पंप-अॅक्शन हवी असते. त्या एका शिक्क्याने किंमत जवळजवळ दुप्पट झाली.

त्याच शिक्क्याशेजारी एकमेकांना छेदणाऱ्या दोन दंडांची खूण होती, आणि तिच्या एका कोपऱ्यात ‘एफ’ हे अक्षर. तिथल्या परीक्षणगृहाने १९५० पासून वर्षासाठी अक्षरे वापरली: ‘ए’ म्हणजे १९५०. “म्हणजे ही पंचावन्नची,” दुकानदार सहजपणे म्हणाला.

आम्ही बोटांवर मोजून पाहिले. पुन्हा मोजले. निजामाचे राज्य जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

पाठचिकित्सा हा आमचा आवडीचा विषय. नामदेवांचे जन्मस्थान आमच्या जिल्ह्यातील नरसी की पंढरपूर, या वादात कोणता पुरावा ग्राह्य आणि कोणता त्याज्य यावर आम्ही तासतास बोललो आहोत. पण घरातल्या कपाटातील संहितेचे पोट उलटून पाहावे असे आम्हांला कधी सुचले नव्हते. आणि सुचले असते तरी आम्ही पाहिले असते, असे वाटत नाही. आम्ही तात्यांकडे पाहिले नाही. दुकानात लावलेले काडतुसांच्या कंपनीचे कॅलेंडर वाचत राहिलो.

“कोणतं साल निघालं?” तात्यांनी विचारले.

आम्ही म्हणालो, “जुनी आहे, तात्या.”

“साल विचारतो मी.”

“पंचावन्न.”

तात्यांनी मान हलवली. “बरोबर आहे. पंचावन्ननंतरच आली ती. त्या रात्री आबांच्या हातात काही नव्हतं. मी आठ वर्षांचा. मला खांद्यावर घेऊन ते नदीत उतरले, तुझी आजी मागं. वऱ्हाडात तीन महिने दुसऱ्याच्या गोठ्यात राहिलो आपण. पुढं पैसा आला तेव्हा त्यांनी ही घेतली.” थोडे थांबून म्हणाले, “पुन्हा पळायचं नाही, म्हणून.”

“मग गोष्ट?”

“ती आबांनीच सांगायला सुरुवात केली. मी कसा मोडणार?”

दुकानदार इतका वेळ चिंधीने नळी पुसत होता. त्याने आकडा सांगितला. आमच्या अंदाजाहून बरा होता. तात्यांनी घासाघीस केली नाही. शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे विक्रीची सूचना दिल्यावर निदान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते, तेव्हा तोवर बंदूक घरीच राहणार होती. परतताना पैनगंगेच्या पुलावर तात्यांनी मोटार थांबवायला सांगितली. त्यांना काही दिसत नव्हते. काच खाली करून ते नदीच्या बाजूला तोंड करून बसले आणि त्या वेळी पाणी कुठपर्यंत होते ते त्यांनी आम्हांला हाताने दाखवले: आबांच्या छातीपर्यंत.