सही झाल्यानंतरचं शिक्षण

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी डिजिटल माध्यमं शिकवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे एम.ए.च्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं आणि मुलांना पाठवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. सामंजस्य करार आमच्याकडे आधीही होते. नॅक मूल्यांकनाच्या फाइलीत ते व्यवस्थित लावलेले असायचे, पण त्यांतल्या कंपन्यांची पायरी मुलं कधी चढली नव्हती. म्हणून शहरातल्या एका व्हिडिओ स्टुडिओशी बोलताना मी एकच अट धरून बसले: तुमचा एडिटर दर आठवड्याला मुलांशेजारी बसून त्यांचं कच्चं काम बघेल.

एका विद्यार्थिनीकडे गूळविक्रेत्याची रील होती. सुरुवातीला ड्रोन शॉट, खाली ठेक्याचं संगीत. एडिटरनं ती मोबाइलवर पाहिली. “म्युझिक काढ आधी. काहील उकळतीया, ती ऐकू दे की. आन् पहिल्यांदा गुळव्याचा हात दाव.” मग त्यानं सबटायटल्स धरली. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, उभ्या फ्रेममध्ये मराठीतले लांब शब्द मावत नाहीत. बोलणारा श्वास घेतो तिथे त्यानं ओळ तोडायला लावली. पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघणारा गुळव्याचा हात आता रीलच्या सुरुवातीला आला होता. संध्याकाळी फाइल गिऱ्हाइकाला द्यायची होती. ती घाई वर्गात आणता येत नाही.

कोल्हापूरला असं हाताखाली शिकण्याची रीत जुनी आहे. 1929 मध्ये इथे प्रभात कंपनी काढणारे शांताराम, दामले, फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम करता करताच तयार झाले होते.

पण शिकायला फक्त मुलांनीच का जावं? त्याच विद्यार्थिनीनं एडिटरला विचारलं, “सर, गुळव्यांची परवानगी घेतलीय का? त्यांचं नाव कुठंच नाही.” माध्यमनीतीच्या तासाला आम्ही यावरच बोललो होतो. स्टुडिओत तशी पद्धतच नव्हती. आता शूटिंगच्या पिशवीत संमतीपत्रं असतात, तीही मराठीत. मला या भागीदारीतली ही सर्वांत मोलाची मिळकत वाटते.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. गडहिंग्लजहून रोज एसटीनं येणारी मुलगी बिनपगारी किती दिवस राबेल? तिनं कापलेल्या रीलचे पैसे स्टुडिओला मिळतात. प्रवासखर्च त्यांनी मान्य केलाय, मानधनावर बोलणी चालू आहेत. मानधनाचं कलम आल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या करारावर विभागाची सही द्यायची नाही, असं मी प्राचार्यांना लेखी कळवलं आहे.