फलाटावर राहिलेली माणसं

मेनफ्रेमवर सीपीयू १०० टक्के भरला की टीममध्ये नव्यानं आलेली मुलं दचकतात. छोट्या सर्व्हरवर हात बसलेल्यांचं ते साहजिकच आहे. पण झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर १०० टक्के हा काही आजार नव्हे. कुठलं काम आधी, कुठलं मागे, हे तिथं डब्ल्यूएलएम, म्हणजे वर्कलोड मॅनेजर, ठरवतो. सीआयसीएस या व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीतली खातेदारांची ट्रान्झॅक्शन्स तो पुढे काढतो. रिपोर्ट, टेस्टिंग असली बिनघाईची कामं मागे सरकवतो. बॉक्स गच्च भरलेला असतो आणि एटीएमसमोरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मी विचारतो, भरलाय ना, भरू दे, थांबलंय कोण?

हे विचारायचं, कारण सीपीयूचा आलेख १०० ला टेकून सपाट झाला की त्या तासाची खरी मागणी त्यात दिसतच नाही. लोकलमध्ये किती माणसं मावली हे मोजून दादरच्या फलाटावर किती राहिली ते कळत नाही, तसंच हे. ती राहिलेली माणसं आरएमएफ या मोजमापाच्या साधनाच्या सीपीयू अहवालात खाली, वाट पाहणाऱ्या कामांच्या रांगेत सापडतात. तिथवर वाचायचे कष्ट फार थोडे घेतात. रांगेमुळे काम किती लांबतं, याचं एकाच प्रोसेसरचं ढोबळ गणित असं: तो ५० टक्के भरलेला असताना कामाला मोकळ्या मशीनच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्क्यांना दसपट. प्रोसेसर जास्त असले की हा चढ उशिरा लागतो, एवढंच.

हे झालं आजचं. तीन वर्षांनी काय लागेल, हे सांगायचं तर एक्सेलमधली वर जाणारी रेष कामाची नाही. पुण्यात बसून अमेरिकी बँकेच्या मशीनचा अंदाज बांधायचा, म्हणजे तिथलं कॅलेंडर पाठ हवं. सोशल सिक्युरिटी या तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाचंच घ्या. पूर्वी सगळ्यांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकदम जमा व्हायचे. मे १९९७ पासून नव्या लाभार्थ्यांची जन्मतारखेप्रमाणे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बुधवारी वाटणी झाली. जुने बहुतेक ३ तारखेलाच राहिले. तो जुना गट आता घटतच जाणार, बुधवार मात्र जड होत जाणार. महिन्याची सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं. मशीन घ्यायचं असतं ते जड बुधवारच्या सर्वांत गर्दीच्या तासासाठी.

मोबाइलनं तर जुनी त्रैराशिकंच मोडली. खाती तेवढीच, पण पगार जमा झाला का, हे बघायला माणूस दिवसातून चारदा ॲप उघडतो, आणि प्रत्येक वेळी मागे मेनफ्रेमवर शिल्लक विचारणारी ट्रान्झॅक्शन्स धावतात. ना ठेव वाढते, ना कर्ज. धंद्याच्या आकड्यांत न दिसणारी ही वाढ इतकी झाली, की २०१४ मध्ये आयबीएमला मोबाइलच्या कामासाठी सॉफ्टवेअरचा वेगळा दर जाहीर करावा लागला.

तेव्हा मशीनच्या क्षमतेचा अंदाज बांधायच्या या कामात नव्यानं आलेल्यांना एकच विनंती. अहवालात ‘इतके मिप्स (मशीनच्या क्षमतेचं माप) लागतील’ हे लिहायच्या आधी, कुठला दिवस, कुठला तास, खातेदारामागे किती ट्रान्झॅक्शन्स धरलीत, ते पहिल्या पानावर लिहा. पुढच्या वर्षी तुमच्या खुर्चीत बसणाऱ्याला आकड्यापेक्षा तेच पान जास्त लागेल.